दाढेतला पू आणि श्वासाची वाट

आज एका आजाराचा इतिहास पाहायचा आहे. त्याचं मूळ बहुतेक वेळा खालच्या जबड्यातल्या किडक्या दाढेत असतं. नाव आहे ‘लुडविग्ज अँजायना’. अँजायना म्हटलं की आपल्याला छातीतली कळ आठवते. पण मूळ लॅटिन शब्दात घुसमटण्याचा अर्थ आहे, आणि इथे तो शब्दशः लागू पडतो.

१८३६ साली स्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी या आजाराचं वर्णन लिहिलं. हनुवटीखाली लाकडासारखी कडक सूज येते, जिभेखालचा भाग वर उचलला जातो, तोंड उघडेनासं होतं, आणि थोड्याच दिवसांत रोगी गुदमरून दगावतो. लक्षणं त्यांनी अचूक टिपली. पण रोगजंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता, आणि दाढेशी असलेला संबंधही पुढेच स्पष्ट झाला.

आता दाढच का, ते बघा. तोंडाचा तळ एका पातळ स्नायूचा असतो. जबड्याच्या आतल्या बाजूला तो तिरका चिकटलेला असतो. पुढच्या दातांची मुळं साधारणपणे त्याच्या वर राहतात. दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळं मात्र त्याच्या खाली पोचतात. तिथलं हाड आतल्या बाजूनं पातळ. त्यामुळे पू हाड फोडून बाहेर आला की तोंडात न येता थेट गळ्याच्या बाजूला उतरतो. मग स्नायूच्या मागच्या कडेनं संसर्ग जिभेखाली शिरतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते, आणि श्वासाची वाट बंद होते.

हे मृत्यू पेनिसिलिननं थांबवले, असं आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेत ॲशबेल विल्यम्स यांनी १९४० साली दिलेल्या अहवालात मृत्यूचं प्रमाण ५४ टक्के होतं. १९४३ मध्ये त्यांनी आणि वॉल्टर गुरालनिक यांनी २० रुग्णांचा अहवाल दिला, त्यात ते १० टक्क्यांवर आलं होतं. पेनिसिलिन तेव्हा सर्वसामान्य रुग्णांपर्यंत पोचलेलंच नव्हतं. सल्फा औषधं होती, पण या डॉक्टरांचा भर क्रमावर होता: आधी श्वासाची वाट सुरक्षित करायची, गरज पडली तर गळ्याला छेद देऊन नळी घालायची, आणि मग चिरा देऊन आतला दाब मोकळा करायचा. पुढे प्रतिजैविकं आली आणि मृत्यू आणखी घटले. हा क्रम मात्र आजही तोच आहे.

म्हणूनच, दाढदुखीनंतर जबड्याखाली सूज चढत असेल, गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर लवंग धरून किंवा घरात उरलेल्या गोळ्या घेऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी मोठं रुग्णालय गाठा. कारण इथे माणूस दुखण्यानं जात नाही, श्वास कोंडल्यानं जातो. आणि ती वाट वेळेत मोकळी ठेवता येते, हे ऐंशी वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे.