सुभेदार रामजी सकपाळ

मंडळी, दरवर्षी 14 एप्रिल आला की शाळांमधून भाषणं होतात. नोकरीत असताना मी अशी किती भाषणं ऐकली आणि किती मुलांना लिहून दिली त्याची गणती नाही. बहुतेक सगळ्या भाषणांत तिसरं नाहीतर चौथं वाक्य ठरलेलं असतं : "त्यांच्या वडिलांचं नाव रामजी आणि आईचं नाव भीमाबाई." एवढं बोलून मुलगा श्वास घेतो आणि थेट महाडच्या चवदार तळ्यावर पोचतो. सुभेदार रामजी सकपाळ त्या एका वाक्यात येतात आणि जातात.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातला हा माणूस. शिवाय आमच्याच धंद्यातला, म्हणजे मास्तर! म्हणून आज थोडं त्यांच्याविषयी.

मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजी हेही पलटणीतलेच. आज कोकणातला मुलगा बारावी झाली की मुंबईची गाडी पकडतो, तशी त्या काळी इथल्या महार घरांतली तरणी पोरं पलटणीची वाट धरायची. गावात राहून वाट्याला काय येणार? वेठ आणि गावकी. पलटणीत निदान अंगावर सरकारी डगला, महिन्याला पगार आणि म्हातारपणी पेन्शन. रामजींची बायको भीमाबाई ही मुरबाडकरांची मुलगी. ते घराणंही लष्करातलंच, आणि तिचे वडील तर सुभेदार मेजर. म्हणजे दोन्हीकडून पलटणीचं रक्त.

पण मला खरं अप्रूप वाटतं ते पलटणीतल्या शाळांचं. त्या वेळच्या लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिकणं सक्तीचं होतं. बाहेर ज्या मुलाला शाळेच्या पायरीवर कोणी उभं करत नव्हतं, तो छावणीत पाटी घेऊन बसत होता. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून शिक्षक झाले आणि पुढे चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. चौदा वर्षं हेडमास्तरकी म्हणजे काय ते आमच्यातल्या निवृत्त मंडळींना विचारा! त्यांच्या डोळ्यांसमोर कवायत करणारे हात किती असतील आणि बाराखडी गिरवणारे किती, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

मध्य भारतातल्या महू छावणीत असताना 14 एप्रिल 1891 रोजी त्यांना चौदावं अपत्य झालं, भीमराव. चौदांतली जगली पाचच. तीन मुलगे, दोन मुली. नऊ लेकरं मातीआड केलेल्या बापाच्या मनाचं काय झालं असेल, हे कुठल्याही चरित्रात सापडत नाही. त्या काळात कोणी ते लिहूनही ठेवत नसे.

लवकरच नोकरी संपली आणि रामजी कुटुंब घेऊन दापोलीला आले. जुनी माणसं अजून 'काँप दापोली' म्हणतात ना, तेच गाव. 1818 नंतर इंग्रजांनी तिथं छावणी केली आणि पुढे ती जागा पेन्शनरांची झाली. महार पेन्शनरांचीही तिथं चांगली वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर हेही त्यातलेच. त्यांनी 1888 साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. ही सगळी माणसं पलटणीत राहून आलेली, लिहितावाचता येणारी. छावणीत मान मिळालेला आणि गावात आल्यावर पुन्हा सावलीचा विटाळ! ती चीड कुठंतरी बाहेर पडणारच होती.

त्यातच सरकारने नवा घाव घातला. 1892-93 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. 'लढाऊ जाती' आणि 'बिनलढाऊ जाती' असं नवं शास्त्र तेव्हा सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात बोकाळलं होतं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली त्यांना एका हुकमाने नालायक ठरवलं. रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांकडे धाव घेतली आणि त्यांच्याकडून गव्हर्नराला पाठवण्यासाठी अर्ज लिहून घेतला. स्वतःची नोकरी तर होऊन गेली होती, पेन्शन चालू होती. हा अर्ज मागून येणाऱ्या पोरांसाठी होता. भरती बंद म्हणजे पगार बंद हे तर झालंच, पण त्याबरोबर पलटणीतली शाळाही बंद. मास्तर माणसाला ते आधी कळलं असणार.

दापोलीहून रामजी साताऱ्याला गेले. तिथं 1896 साली भीमाबाई वारल्या. भीमराव पाच वर्षांचा. घर सांभाळायला आत्या मीराबाई होत्या. पुढे रामजींनी दुसरं लग्न केलं. धाकट्या भीमाला ते अजिबात रुचलं नाही, आणि आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर बघून तर तो फारच दुखावला. मी हे मुद्दाम सांगतोय. थोर माणसांच्या घरातही अशी धुसफूस असते, आणि बाप चांगला असला तरी पोराच्या मनात त्याच्याविषयी राग असू शकतो.

7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात (आजचं प्रतापसिंह हायस्कूल) भीमाचं नाव दाखल झालं. त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्रात आता 7 नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस पाळतात. आंबडवे या गावावरून पडलेलं आडनाव पुढे आंबेडकर झालं, म्हणजे मंडणगडातलं एक आडवळणाचं गाव जगभर गेलं.

त्यानंतरचा एक प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. 1901 साल. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावून घेतलं. नवे सदरे, जरीच्या टोप्या घालून पोरं आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आलंच नव्हतं, कारण पोरांचं पत्र शिपायाकडेच राहून गेलं होतं. पोरं कोण आहेत ते कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं असं ठरलं. रात्रीचा प्रवास, बरोबर फराळाचं भरपूर, पण प्यायला कोणी पाणी देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पोरं वडिलांपाशी पोचली.

ही गोष्ट आपण नेहमी पोरांच्या बाजूने वाचतो. एकदा रामजींच्या बाजूने वाचून बघा. सरकारने ज्याच्या हाती दुष्काळी कामाची तिजोरी दिली, त्याच्या लेकरांना वाटेत घोटभर पाणी नाही. दारात उभ्या राहिलेल्या त्या पोरांना बघून सुभेदारांना काय वाटलं असेल!

1904 मध्ये कुटुंब मुंबईला आलं. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्यात माणसं, चूल, जळण, जातं, पायथ्याशी बकरी. भीमाला लवकर निजवून रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला अभ्यासाला उठवायचे आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत आपण आडवे व्हायचे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनीच त्याच्याकडून पाठ करून घेतली. घरात कबीरपंथी वळण, संध्याकाळी रामायण-महाभारताचं वाचन. भीमाने विचारलं, हे कशाला वाचायचं? बापाचं उत्तर असं की आपल्यासारख्यांच्या मनात कमीपणा घर करतो, तो घालवायला हे वाचायचं. द्रोण आणि कर्ण बघ, लहान घरातले होते आणि कुठं पोचले. वाल्मीकी कोळी होता. पोराला ते उत्तर पटलं नाही. पण विचारू दिलं आणि उत्तर दिलं, यालाच मी शिकवणं म्हणतो.

पैसा मात्र पुरत नव्हता. दोघा मुलांना शिकवणं झेपेना, तेव्हा आनंदरावाची शाळा थांबली आणि तो जी.आय.पी. रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागला. आनंदरावाचं नाव कोणत्या भाषणात येत नाही. एकाच्या फीसाठी दुसऱ्याने दप्तर टांगून ठेवलेली घरं मी वर्गावर असताना पुष्कळ पाहिली, म्हणून हे नाव माझ्या डोक्यातून जात नाही. भीमाने पुस्तक मागितलं की रामजी लग्न झालेल्या मुलींच्या घरी जायचे. धाकटीकडे पैसे नसले तर थोरलीकडे. ती अंगावरचा दागिना काढून द्यायची, तो मारवाड्याकडे गहाण पडायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत तिच्या हातात. पोराला हवं ते पुस्तक मिळायचं. लष्करातला सुभेदार, हेडमास्तर, आणि मुलीच्या दारात दागिन्यासाठी उभा!

1906 साली त्यांनी भीमाचं लग्न केलं. सून दापोली तालुक्यातल्या वणंदची, रमाबाई. 1907 ला मुलगा मॅट्रिक झाला, 1912 ला बी.ए.

जानेवारी 1913 मध्ये भीमराव बडोद्याला नोकरीवर गेला. रामजींना ते जाणं पसंत नव्हतं. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परत येताना सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला तो उतरला आणि गाडी सुटली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींचे डोळे त्याची वाट बघत होते. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तारीख 2 फेब्रुवारी 1913. त्याच वर्षी सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेला गेला.

रामजींनी ज्यासाठी अर्ज करवला होता ती महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात उभी राहिली.

आंबडव्यात आता स्मारक आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये राष्ट्रपती कोविंदही तिथं येऊन गेले. वेळासला कासवं बघायला जाणारी मंडळी मंडणगडावरूनच जातात. त्यांनी अर्धा दिवस काढून तिकडेही वळावं. मुलं बरोबर असतील तर त्यांना आनंदरावाचंही नाव सांगा.