शिष्या की सहचारिणी?

विवाहसंस्थेच्या इतिहासावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. बालविवाह, केशवपन, पुनर्विवाह, संमतिवय, हुंडा या प्रश्नांचा परामर्श घेताना आपल्या लेखकांनी स्त्रीच्या स्थितीत कसकसा पालट होत गेला हे साक्षेपाने नोंदविले आहे. पण पुरुष विवाहाकडून काय मागत होता, त्याची मागणी केव्हा व कशामुळे बदलली, आणि ती करताना आपल्यावर कोणते कर्तव्य येते असे तो समजत होता, या प्रश्नांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही एवढ्याच एका अंगाचा विचार करणार आहोत. एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित महाराष्ट्रीय पुरुषाने पत्नीकडून सहचारिणीची अपेक्षा केली, पण त्यासाठी पालटावयाचे ते तिने, अशी त्याची समजूत होती. त्याच्या पालटाचा प्रश्न प्रथम स्त्रियांनी उपस्थित केला, आणि त्याचे उत्तर अद्याप पुरते दिले गेलेले नाही, असे आमचे म्हणणे आहे.

जुन्या गृहस्थाची विवाहाकडून असलेली अपेक्षा स्पष्ट होती. कुळाचार सांभाळणारी, पुत्र देणारी, सासूसासऱ्यांची सेवा करणारी सून घरात यावी, एवढ्यावर त्याचे समाधान होई. पत्नीशी राज्यकारभारावर किंवा ग्रंथांवर बोलावे असे त्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते. ते बोलणे ओसरीवर, पुरुषांत होत असे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. या पदवीधरांनी इंग्रजी चरित्रे व कादंबऱ्या वाचल्या आणि पतिपत्नींनी एकत्र बसून वाचन करावे, सभेस बरोबर जावे, सुखदुःख बोलून दाखवावे, असे एक नवे चित्र त्यांच्या मनात ठसले. पण त्यांचे स्वतःचे विवाह मिसरूड फुटण्यापूर्वीच होऊन गेलेले असत. मनात हे चित्र आणि माजघरात निरक्षर पत्नी, अशा दोन जगांत हा नवा पुरुष वावरू लागला.

येथे त्या काळच्या समाजरचनेतील एक गणित ध्यानात घेतले पाहिजे. आमच्या उच्चवर्णीयांत मुलीचे लग्न आठ ते अकरा वर्षांच्या आत उरकण्याची चाल होती. त्यामुळे प्रौढ वयाची अविवाहित मुलगी समाजात जवळजवळ नव्हतीच. तिशी ओलांडलेल्या विधुराने दुसरा विवाह करावयाचे म्हटले की त्याच्यापुढे दोनच मार्ग उरत: मुलीच्या वयाची वधू स्वीकारावी, किंवा प्रौढ विधवेशी विवाह करून बहिष्कार सोसावा. समवयस्क व समंजस सहचारिणी ज्याला खरोखर हवी होती, त्याला पुनर्विवाहावाचून गत्यंतर नव्हते. सुधारकांची मागणी आणि त्यांचे धैर्य या दोहोंची कसोटी नेमकी येथे लागली.

१८६९ साली विष्णुशास्त्री पंडित यांच्या खटपटीने मुंबईस पुनर्विवाह घडून आला तेव्हा रानडे त्या चळवळीच्या पाठीराख्यांत होते. १८७३ साली त्यांच्या प्रथम पत्नी निवर्तल्या. चिरंजीव एखाद्या विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी तातडीने मुलगी पाहिली, आणि एकतिशी उलटलेल्या माधवरावांचा विवाह त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाला. पितृभक्ती आणि तत्त्वनिष्ठा यांच्या झगड्यात पहिलीचा जय झाला. त्यावर टीका पुष्कळ झाली आणि ती अस्थानी नव्हती. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. माधवरावांनी या निरक्षर बालिकेस लगेच शिकविण्यास आरंभ केला. मराठी झाल्यावर इंग्रजी घेतले. घरातील वडीलधाऱ्या बायकांचा जाच रमाबाईंनी दिवसभर सोसावा आणि रात्री धडा म्हणून दाखवावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात हे सारे त्यांनीच लिहून ठेविले आहे. त्या ग्रंथातील भक्तिभाव खरा आहे, आणि पतीच्या पश्चात सेवासदनाचे जे कार्य रमाबाईंनी उभारले ते या शिक्षणाचेच फळ होय, यातही संशय नाही. पण त्या पानांतून दिसते ते नाते गुरुशिष्येचे आहे. स्नेह्यांच्या बरोबरीचे बोलणे त्यात क्वचितच ऐकू येते.

या नात्याची दुसरी, कठोर बाजू गोपाळराव जोशी यांच्या संसारात दिसते. टपालखात्यात नोकरीस असलेल्या या विधुराने १८७४ साली नऊ वर्षांच्या यमुनेशी विवाह केला व तिचे नाव आनंदी ठेविले. पत्नीने शिकावे याचा त्यांना ध्यासच होता. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. पुढे १८८३ साली आनंदीबाई एकट्या अमेरिकेस गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वय बावीसही पुरे नव्हते. अभ्यासापायी लहानपणी सोसलेल्या माराची आठवण त्यांनी पतीला करून दिली ती परदेशातून धाडलेल्या पत्रात. मध्ये समुद्र आल्यावरच हे बोलणे शक्य झाले. गोपाळरावांस केवळ क्रूर ठरविणे सोपे आहे, पण ते अपुरे होईल. त्यांच्यावाचून आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हेही तितकेच खरे आहे. दोष होता तो एकाच व्यक्तीच्या ठिकाणी पतीचा अधिकार आणि गुरूची छडी एकवटली होती, यात.

आम्ही शिक्षकांनी हा भेद इतरांहून अधिक ओळखावयास हवा. शिष्याच्या पाठात काय असावे हे गुरू ठरवितो, तो केव्हा पुरा झाला हेही गुरूच सांगतो, आणि गुरूची परीक्षा शिष्य घेत नाही. शाळेत हे योग्यच आहे. पण संसारात हेच चालले म्हणजे पत्नी कितीही शिकली तरी पतीच्या आवडीचे प्रतिबिंब होऊन राहते. हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतील रघुनाथराव हा या पिढीचा आदर्श पती. त्याच्या सहवासात यमूला मिळालेले सुख वाचून आजही मन भरून येते. पण ते सुख सर्वस्वी त्याच्या सौजन्यावर अवलंबून असल्याने त्याच्या मृत्यूबरोबर तिच्या पायांखालची जमीन नाहीशी होते. हरिभाऊंनी हे दाखविले, हा त्यांचा मोठेपणा.

आता स्त्रियांच्या उत्तराकडे वळू. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात भ्रूणहत्येच्या आरोपावरून एका तरुण ब्राह्मण विधवेस शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीस दूषणे देण्यात आली. त्याने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे लहानसे पुस्तक लिहिले. नावातच त्याची दिशा आहे. जो दुर्गुण स्त्रीच्या माथी मारावयाचा तो पुरुषाच्या ठिकाणी आहे की नाही, पत्नी गेल्यावर दुसरी आणणाऱ्याने विधवेस नीती शिकवावी काय, अशी झडतीच त्यांनी घेतली आहे. गुरूची परीक्षा शिष्येने घेण्याचा मराठीतील हा ठळक प्रसंग. जोतीराव फुले यांनी ताराबाईंची बाजू उचलून धरली. बाकीच्यांनी ते पुस्तक विस्मृतीत जाऊ दिले.

ताराबाईंनी कागदावर विचारले ते रखमाबाईंनी न्यायालयात विचारले. अकराव्या वर्षी ज्यांच्याशी विवाह झाला त्या दादाजी भिकाजी यांच्या घरी नांदण्यास जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे. १८८४ साली पतीने दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये नांदावयास जा नाहीतर सहा महिने कारावास भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

या खटल्याने सुशिक्षित पुरुषांची मने उघडी पडली. पत्नीने शिकून आपल्या योग्यतेस यावे असे वाटणाऱ्यांपुढे आता एक शिकलेली स्त्री उभी होती आणि पतीच तिच्या योग्यतेस उतरत नाही, असे ती म्हणत होती. अपेक्षा तीच, फक्त करणारी व्यक्ती बदललेली. ‘केसरी’ने रखमाबाईंविरुद्ध लेखणी चालविली, आणि त्याच १८८७ साली ‘मराठा’ने पुण्यातील मुलींच्या हायस्कुलाच्या अभ्यासक्रमावर कोरडे ओढले. या दोन गोष्टींचा संबंध उघड आहे. शिक्षण पत्नीला पतीच्या जवळ आणील तोवर ते इष्ट, निवड करावयास शिकवील तर ते अनिष्ट, ही त्यामागची विचारसरणी होती.

न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संमतिवयाच्या विधेयकास टिळकांनी कडवा विरोध केला. पण १८९० साली त्यांनीच सुधारकांपुढे एक प्रतिज्ञा ठेविली होती. मुलींची लग्ने सोळा व मुलांची वीस वर्षांपूर्वी करू नयेत, चाळिशीनंतर पुरुषाने विवाह करू नये, करावयाचाच तर विधवेशी करावा, हुंडा घेऊ नये, अशी तिची कलमे होती. ती मांडण्यात प्रतिपक्षास कोंडीत पकडण्याचा हेतू असेलही. तथापि पुरुषाने स्वतःस काही नियमांनी बांधून घ्यावे, हे तत्त्व त्यात आले, आणि ते त्या काळच्या पुष्कळ व्याख्यानांत आढळत नाही. १८९१ साली संमतिवय दहावरून बारावर गेले. स्वतःला बांधून घेणारे मात्र थोडेच निघाले.

त्या थोड्यांत धोंडो केशव कर्वे येतात. १८९१ साली पत्नी वारल्यावर त्यांनी दुसरा विवाह विधवेशीच करावयाचा असे ठरविले आणि ११ मार्च १८९३ रोजी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाईंशी ते विवाहबद्ध झाले. मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, प्रौढ होत्या, जग पाहिलेल्या होत्या, आणि पतीच्या सार्वजनिक कार्यासाठी घराची जी ओढाताण झाली ती त्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मवृत्तात मोकळेपणी सांगितली आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी व हे पुराण शेजारी ठेवून वाचावे. एकीत आदर आहे. दुसरीत आदराबरोबर तक्रार आहे. आमच्या मते ही तक्रारच सहजीवनाची खूण होय. बरोबरीच्या माणसाविषयीच माणूस अशी मोकळी तक्रार करतो.

आम्ही बडोद्यास राहतो, म्हणून येथील संस्थानाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ब्रिटिश सरकार कचरत असता सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक निर्बंध करून वधूचे वय बारा व वराचे सोळा ठरविले, आणि मोडणाऱ्यास दंड ठेविला. १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व संस्थानात लागू झाले व त्यात मुलीही आल्या. १९३१ साली येथे हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने तो करावयास १९४७ साल उजाडले. १९२७ साली पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद महाराणी चिमणाबाई यांनी भूषविले. नको असलेला विवाह सोडण्याचा मार्ग स्त्रीला मोकळा असणे, ही सहचर्याची पहिली अट आहे. जेथून बाहेर पडता येत नाही तेथील निष्ठेला संमती म्हणता येत नाही.

शिक्षण वाढले तशी नवी अडचण उद्भवली. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने निघालेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने महाराष्ट्रात खळबळ उडविली. शिकलेल्या, मिळवत्या, पण अविवाहित राहिलेल्या मुलींची मने त्यात होती. ज्या शिक्षणाची मागणी आजोबांच्या पिढीने केली होती, तेच शिक्षण नातवांना वधूच्या ठिकाणी जड वाटू लागले होते. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व व घटस्फोट देशभर आणले. पण रखमाबाईंवर ज्या तत्त्वाने हुकूम झाला ते दांपत्याधिकार परत मिळविण्याचे कलमही, पती आणि पत्नी दोघांनाही खुले करून, त्याच कायद्यात राहिले. ज्या इंग्लंडकडून ते आपण घेतले त्याने १९७० साली ते टाकून दिले. हैदराबादच्या उच्च न्यायालयाने १९८३ साली ते घटनाबाह्य ठरविले, तर पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले.

आणि आजचा तरुण? वधूवर सूचक मंडळांच्या पत्रकांत तो उच्चशिक्षित व नोकरी करणारी मुलगी मागतो, आणि त्याच ओळीत ‘गृहकृत्यदक्ष’ हे विशेषणही जोडतो. या दोन शब्दांमधील काम कोणी करावयाचे, ते २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत दिसले. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसास सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात; पुरुषाची ९७, आणि तीही शंभरांत जेमतेम सव्वीस पुरुष हात लावतात त्यांची. दीडशे वर्षांपूर्वी माजघरातील कामे आटोपून धडा म्हणावयाचा होता. आता तीच आटोपून कचेरी गाठावयाची आहे.

आमच्या शाळांत सुधारकांची चरित्रे पाठ्यपुस्तकांतून शिकविली जातात. त्यांत पतीने पत्नीस शिकविले, हे वाक्य गौरवाने येते, आणि तो गौरव उचितही आहे. परंतु वरच्या वर्गांत, विशेषतः मुलांच्या हाती, ताराबाईंचे पुस्तक, आनंदीबाई जोशी यांची पत्रे आणि ‘माझे पुराण’ हीदेखील द्यावीत, आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाने या पतीने स्वतः काय शिकावयास हवे होते, यावर एक निबंध लिहावा, अशी आमची सहाध्यापकांस विनंती आहे. तपासताना गुण कमी-अधिक पडतील. पण हा प्रश्न आपल्याला विचारला जाऊ शकतो, एवढे मुलाला विवाहापूर्वी कळले, तरी तो तास व्यर्थ गेला असे आम्ही मानणार नाही.