साष्टी, पोर्तुगीजकालीन
पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांतातील बेट (१५३४–१७३७). मीरा-भाईंदर त्याच्या उत्तर टोकाला वसले आहे. गुजरातच्या बहादुरशाहाने १५३४ च्या तहाने वसईसह हा मुलूख पोर्तुगिजांना दिला (पहा : वसईचा तह). गावे सरदारांना व ख्रिस्ती धर्मसंघांना वार्षिक खंडाने मिळत. जमीन रयत कसे. भात हे मुख्य पीक होते. कोळी मासेमारी करीत, भंडारी माडी काढीत. खाजणात बांध घालून भरतीचे पाणी वाफ्यांत घेत व उन्हाने आटवून मीठ पिकवीत (पहा : मिठागर). धर्मांतरित कुटुंबांनी पूर्वीचेच व्यवसाय चालविले. आजच्या ईस्ट इंडियन समाजाची मुळे त्यांत आहेत. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी व १७३९ मध्ये वसई जिंकली (पहा : चिमाजी आप्पा).