दिवाळे

दिवाळे : ठाणे जिल्ह्यातील, नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील एक खाडीकाठचे गाव आणि कोळीवाडा. बेलापूरचा किल्ला, पामबीच रस्त्याचे टोक आणि 2014 पासून वापरात असलेले महापालिका मुख्यालय ही सगळी गावापासून हाकेच्या अंतरावर आहेत. दुसऱ्या बाजूला पनवेलची खाडी आहे. वस्ती मुख्यत्वे कोळी आणि आगरी समाजांची. गावाच्या बोलीत नावाचा उच्चार ‘दिवाले’ असा होतो. कोळी-आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि अनेक शब्दांत ‘ड’च्या जागी ‘र’ येतो. कोळीवाड्याचा ‘कोलीवारा’ होतो, घोड्याचा ‘घोरा’. हा अशुद्ध उच्चार नाही, एका स्वतंत्र बोलीचा नियम आहे. शाळेत हा नियम चूक म्हणून खोडला गेला आणि घरात तो टिकून राहिला. गावाची दोन नावे अशी शेजारी नांदतात, पाटीवरचे एक आणि तोंडातले एक.

दिवाळ्याची खरी ओळख बहिरीदेवाच्या जत्रेने आहे. बहिरी हे भैरवाचे कोकणी रूप. कोकणात ही देवता अनेक गावांची राखणदार आहे. रत्नागिरी शहराचे ग्रामदैवत श्री देव भैरी हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. दिवाळ्याच्या बहिरीचे वेगळेपण त्याच्या मुक्कामात आहे. हा देव वर्षभर पाण्याखाली असतो. दिवाळीच्या दिवसांत गावकरी होड्या घेऊन जातात, मूर्ती पाण्याबाहेर काढतात आणि वाजतगाजत गावात आणतात. त्या दिवसांपुरते दर्शन होते, नवस फेडले जातात, लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरी येतात, जत्रा भरते. मग देव पुन्हा पाण्यात पोचवला जातो. गावाचे नाव आणि सणाचे नाव यांतील साम्य कानाला लगेच जाणवते. त्यावरून व्युत्पत्ती बांधण्याचा मोह मात्र येथे टाळला आहे.

या प्रथेकडे नवल म्हणून पाहणे सोपे आहे आणि वर्तमानपत्रे दरवर्षी तसे पाहतातही. पण मासेमारी करणाऱ्या गावाने आपला देव पाण्यात ठेवावा, यात गावाच्या दृष्टीने नवल काही नाही. घरचा कर्ता माणूस जिथे रात्र काढतो तिथेच राखणदारही असावा, हा त्यामागचा सरळ भाव आहे. देवाला आणायला होडी लागते, होडी हाकारणारे हात लागतात आणि पाण्याची वेळ ओळखणारा जाणकार लागतो. ज्या गावातून होड्या गेल्या, तिथे हा देव आणताच येणार नाही. दिवाळ्यातील श्रद्धा आणि धंदा एकमेकांना असे धरून आहेत.

पाण्याची वेळ हा येथील ज्ञानाचा गाभा आहे. कोकण किनाऱ्यावर भरती मोजण्याचा एक जुना ठोकताळा चालत आला आहे, तो म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी हीच वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, पाणी खूप चढते आणि तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, तेव्हा पाण्याची ओढ मंद होते. दिवाळी येते ती अमावास्येला, म्हणजे उधाणाच्या ऐन काळात, जेव्हा ओहोटी सर्वांत खोल जाते. सण, तिथी आणि समुद्र यांचा हा मेळ गावाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. घड्याळ हातात आले तरी दिवाळ्याच्या कोळ्याला तिथी विसरून चालत नाही. पंचांग इथे मुहूर्त काढायला आणि जाळे लावायलाही लागते.

गावातील मच्छीमारांची डोलकर, फगवाले, खांदेवाले अशी मासेमारीच्या पद्धतींवरून पडलेली ओळख आहे आणि त्या नावांनी त्यांच्या संघटनाही उभ्या आहेत. यांतील डोल सर्वांत परिचित. ती पिशवीसारखी लांबलचक जाळी असते. तिचे तोंड प्रवाहाच्या विरुद्ध उघडे राहील अशी ती खुंटांच्या आधाराने पाण्यात लावतात. जाळे माशामागे धावत नाही, पाणीच मासा आणून देते. म्हणून डोलकराचे सगळे कसब जागा आणि वेळ ओळखण्यात असते. जवळा, कोलीम, मांदेली, बोंबील असे म्हावरे (मासळी) तीत मिळते. खुंटाची जागा ही घराण्याची जागा मानली जाते. ती कुणाची, हे गावाला तोंडपाठ असते. कागदावर ती क्वचितच आढळते. या गोष्टीचे महत्त्व पुढे येईल.

मासळी किनाऱ्याला लागली की व्यवहार बायकांच्या हाती जातो. निवडणे, वाटे घालणे, भाव ठरवणे, बर्फ, पाटी, उधारी हे सगळे कोळणीचे काम. दिवाळ्याचा मासळी बाजार बेलापूर परिसरात प्रसिद्ध आहे आणि त्याचा चेहरा स्त्रियांचाच आहे. विधींतही हा अधिकार दिसतो. आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले गाऊन लग्नविधी चालवते, आणि अनेक घरांत तिचे गाणे झाल्याशिवाय लग्न पुरे झाल्याचे मानले जात नाही. पौरोहित्य स्त्रीने करावे यासाठी शहरांत अलीकडे चळवळी झाल्या. या किनाऱ्यावर ते काम पिढ्यान्‌पिढ्या मौखिक परंपरेने होत आले आहे. एकेक धवलारीण जाते तेव्हा शेकडो ओळी सोबत जातात. ही हानी मोठी आहे आणि ध्वनिमुद्रणाने ती थोडीच भरून निघते.

श्रद्धेचा पैस गावापुरता नाही. कार्ल्याची एकवीरा ही कोळी-आगरी समाजांतील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी. चैत्रातील यात्रेला किनाऱ्यावरच्या गावांतून पालख्या घाट चढून जातात. समुद्रकाठच्या लोकांची देवी डोंगरात, एका प्राचीन बौद्ध चैत्यगृहाच्या दारात बसावी, हा या प्रदेशाच्या धार्मिक इतिहासाचा बोलका भाग आहे. मुंबईचे हिंदू कोळी वांद्र्याच्या चर्चमधील माउंट मेरीला ‘मोत माउली’ म्हणून नवस बोलतात, तेही याच ओघात समजते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो. राज्यात सध्या 1 जून ते 31 जुलै ही यांत्रिक मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ पाळण्याची रीत कायद्याहून जुनी आहे आणि पौर्णिमेचा नारळ तिची साक्ष देतो.

गावाच्या ओळखीवर सर्वांत मोठा घाव जमिनीच्या बाजूने आला. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. भातखाचरे, खाजणे, मिठागरे गेली. गावठाणे जागेवर राहिली, पण त्यांच्याभोवती सेक्टरांचे आकडे उगवले. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना या लढ्याचे फळ होय. पुढे कुटुंबे वाढली, घरे वाढवावी लागली, आणि ती ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ नियमित करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. स्वतःच्या गावठाणालगतच्या घरात राहणाऱ्याला अनधिकृत ठरण्याची भीती वाटावी, हे नव्या शहराच्या नियोजनाचे अपयश आहे.

या काळात ‘प्रकल्पग्रस्त’ आणि ‘भूमिपुत्र’ हे दोन शब्द इथल्या बोलण्यात रुळले. पहिला सरकारी कागदातून आला, दुसरा आंदोलनातून. 24 जून 2021 रोजी, दि. बां.च्या स्मृतिदिनी, नवी मुंबई विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून हजारो लोक बेलापूरला सिडकोच्या कार्यालयावर धडकले. ही जागा दिवाळ्याच्या शेजारचीच. त्या दिवशी आगरी, कोळी, कराडी अशा जातींची वेगळी नावे एका ‘आम्ही’त सामावली होती.

तरीही दिवाळ्यासारख्या कोळीवाड्याचा अनुभव केवळ जमिनीच्या हिशेबात बसत नाही. जमीन गेल्यावरही येथे पाणी राहिले, आणि गाव गाव म्हणून टिकले त्यात या पाण्याचा वाटा फार मोठा आहे. तिथीचा हिशेब, होड्यांचा धक्का, बहिरीची जत्रा, बाजारातील बायकांची जरब हे सारे पाण्याशी बांधलेले होते. त्यामुळे जमिनीबरोबर ते संपादित झाले नाही. आता संकट पाण्यावर आहे. तळोजा आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यांतील सांडपाणी, भराव, पूल, गाळ यांनी खाडीची मासळी आटली आहे.

आणि इथे कायद्याची अडचण उभी राहते. शेतकऱ्याकडे सातबारा असतो, पाण्याला सातबारा नाही. खाडीत पूल आला, खुंटाची जागा गेली, तर भरपाई कशाच्या आधारे मागायची? ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात वाशीच्या मरीआई मच्छीमार सहकारी संस्थेने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. 2021 मध्ये न्यायालयाने पारंपरिक मच्छीमारांचा रूढीने आलेला हक्क मान्य केला आणि भरपाईचा मार्ग मोकळा केला. निकाल शेजारच्या वाशीचा असला तरी या खाडीपट्टीतील प्रत्येक कोळीवाड्याला तो लागू पडेल असा आहे. रूढी सिद्ध करायची म्हणजे कोण, कुठे, कोणत्या हंगामात, किती पिढ्या जाळे लावत आला हे सांगावे लागते. दिवाळ्यात ते सांगू शकणारी माणसे आजही धक्क्यावर भेटतात, आणि ती खुंटाची जागा नकाशावर बोट ठेवून दाखवत नाहीत, किनाऱ्यावरच्या कुठल्या खुणेला कुठली खूण जुळली की जागा आली, ते सांगतात.