हृदयावरचा लेप

सन १९४४ च्या फेब्रुवारींत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्यें कस्तुरबांचें देहावसान झालें. त्यांचें हृदय पूर्वींच दुर्बल झालें होतें. पुढें वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम येथें त्यांच्या नांवाचें रुग्णालय उभें राहिलें आणि १९६९ सालीं डॉ. सुशीला नय्यर यांच्या प्रयत्नानें तेथें वैद्यकीय महाविद्यालय निघालें.

कस्तुरबांच्या काळीं हृदय उघडून त्यावर शस्त्र चालविणें शक्य नव्हतें. ६ मे १९५३ रोजीं अमेरिकेंत डॉ. गिबन यांनीं हृदय-फुफ्फुसांचें कार्य यंत्राकडे सोंपवून तें साधिलें. १९६८ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयारोपणही केलें. रोगी मात्र कांहीं तासच जगला.

परंतु शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली म्हणजे संकट टळलें असें नव्हे. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशीं, रोगी उठून बसूं लागला असतां, हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून थरथरूं लागतात. शेंकडा २० ते ४० रोग्यांस हा उपद्रव होतो. तेथें सांकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूंत गेल्यास पक्षाघात होतो. तें टळलें तरी रुग्णालयांतील मुक्काम वाढतो. आर्वी-हिंगणघाटकडील शेतकऱ्यास ऐन पेरणींत हे चार दिवसही भारी पडतात.

यावर ‘अमिओडॅरोन’ हें गुणकारी औषध आहे. १९६१ सालीं बेल्जममध्यें तें छातींतील कळेसाठीं सिद्ध झालें. १९७० सालीं ऑक्सफर्ड येथील सिंग व वॉन विल्यम्स यांनीं त्याचा हृदयाचा ताल राखण्याचा गुण दाखविला. तथापि पोटांतून वा शिरेंतून दिलें असतां तें सर्वांगांत पसरतें. नाडी मंदावते, दीर्घकाळ घेतल्यास कंठग्रंथि व फुफ्फुसें यांस बाधा पोहोंचते.

मग छाती उघडीच असतां औषध थेट हृदयावर कां ठेवूं नये? दुखऱ्या गुडघ्यावर लेप घालणाऱ्या आजीबाईस ही युक्ति नवी वाटणार नाहीं. अडचण एवढीच कीं, हृदय क्षणभरही स्वस्थ नसतें. म्हणून औषध पाणीदार, चिकट अशा गरांत मिसळून वरच्या कप्प्यांवर बसविलें. त्यांतून तें हळूहळू झिरपतें. प्रथम शेळ्यांवर प्रयोग झाले. २०१४ सालीं १०० रोग्यांची परीक्षा प्रसिद्ध झाली: लेप लाविलेल्या ५० पैकीं ४ जणांचा ताल बिघडला, न लाविलेल्या ५० पैकीं १३ जणांचा.

शंभर रोग्यांवरून अखेरचा निवाडा होत नाहीं, आणि ही पद्धति अद्याप सर्वत्र रूढ नाहीं. परंतु जेथें दुखतें तेथेंच औषध, आणि तेंही बेताचें, हा जुना विचार शास्त्राच्या कसोटीस लागला आहे. तो उतरला, तर त्याचा खरा लाभ रुग्णालयाहून घर दूर असणाऱ्यांस होईल.