पाना संच (सलग व वगळलेली मापे)

पाना संच म्हणजे नट आणि बोल्ट आवळण्यासाठी किंवा सोडवण्यासाठी लागणाऱ्या निरनिराळ्या मापांच्या पान्यांचा अथवा सॉकेटांचा एकत्र विकला जाणारा समूह होय. काही संचांत लहानात लहान मापापासून मोठ्यात मोठ्या मापापर्यंत प्रत्येक मिलिमीटरचा पाना असतो; अशा संचाला सलग मापांचा संच म्हणता येईल. इतर संचांत क्वचित लागणारी मापे गाळून किंमत व वजन कमी केलेले असते. कोणती मापे 'क्वचित लागणारी' समजायची, हे मात्र यंत्राच्या वंशावर अवलंबून असते. त्यामुळे एका गॅरेजमध्ये परिपूर्ण ठरलेला संच शेजारच्या वस्तीवरील ट्रॅक्टरपुढे अपुरा पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) साखर कारखाने, ट्रॅक्टर, विहिरींवरील पंप आणि दुचाकी अशी वेगवेगळ्या परंपरांतील यंत्रे एकत्र नांदत असल्याने हा फरक तेथे ठळकपणे जाणवतो.

पान्याचे माप

पान्यावर कोरलेला आकडा बोल्टच्या जाडीचा नसतो. षट्कोनी डोक्याच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधील अंतर तो दाखवतो. ८ मिमी जाडीच्या बोल्टला सामान्यतः १३ चा पाना लागतो, ६ मिमीच्या बोल्टला १० चा. 'आठचा बोल्ट' पाहून आठचा पाना उचलणाऱ्या नवशिक्याची फसगत येथेच होते.

१३ मिमीचे डोके प्रत्यक्षात १२.७३ ते १३.०० मिमी इतके असते व पान्याचे तोंड १३ पेक्षा किंचित मोठे ठेवलेले असते. ही फट मिलिमीटरच्या काही दशांशांपुरतीच असावी लागते. १३ नाही म्हणून १४ चा पाना लावला, तर फट एक मिलिमीटरहून अधिक होते आणि सारा जोर सपाट बाजूंऐवजी कोपऱ्यांवर येतो. कोपरे घासून डोके गोल झाले की योग्य पानाही त्यावर बसत नाही. मग छिन्नी, पाइप पाना किंवा वेल्डिंग यांचाच आधार उरतो. फटीत पत्र्याचा तुकडा अथवा स्क्रूड्रायव्हरचे टोक सारून वेळ मारून नेण्याची पद्धत सर्वत्र दिसते. घट्ट बसलेल्या बोल्टवर ती बहुधा नुकसानच करते.

बाजारातील संच

भारतीय बाजारात सर्वांत परिचित संच दुतोंडी पान्यांचा आहे. आठ नगांच्या संचात ६×७, ८×९, १०×११, १२×१३, १४×१५, १६×१७, १८×१९ आणि २०×२२ असे पाने असतात. कारागीर त्यांना जोडमापानेच ओळखतात: 'बारा-तेरा दे', 'सोळा-सतरा कुठे गेला?' वरवर हा संच सलग वाटतो. पण १९ नंतर २० व २२ येतात आणि २१ गळते. बारा नगांच्या संचात २१×२३, २४×२७, २५×२८ व ३०×३२ यांची भर पडते. तेथे २६, २९ व ३१ नसतात. ही तीन मापे नेहमीच्या कामात जवळजवळ लागतच नाहीत, म्हणून त्यांची उणीव भासत नाही. २१ ची गोष्ट वेगळी आहे. जुन्या धाटणीचे अनेक स्पार्क प्लग आणि नव्या मानकानुसार केलेले १४ मिमीचे बोल्ट यांना तेच माप लागते. (प्लगसाठी उघड्या तोंडाचा पाना उपयोगाचा नाही, त्याला नळीचा पाना किंवा खोल सॉकेट हवे.)

एक तोंड उघडे व दुसरे रिंगचे अशा, दोन्हीकडे एकच माप असलेल्या पान्यांच्या संचात आणि सॉकेट संचात मापे गाळण्याची प्रथा अधिक आढळते, कारण तेथे प्रत्येक मापासाठी स्वतंत्र नग घडवावा लागतो. दुतोंडी पान्यात एका नगात दोन मापे भागत असल्याने गाळून फारशी बचत होत नाही.

वगळण्यामागील मानके

षट्कोनी डोक्याची मापे मानकांनी ठरतात, आणि मानके एक नाहीत. जुन्या जर्मन मानकात (डिन) १० मिमी बोल्टचे डोके १७, १२ मिमीचे १९ आणि १४ मिमीचे २२ होते. जपानी मानकात (जिस) हीच डोकी अनुक्रमे १४, १७ व १९ अशी लहान आहेत. आंतरराष्ट्रीय मानकाने (आयएसओ) त्यांसाठी १६, १८ व २१ ही मापे स्वीकारली. षट्कोनी बोल्टांविषयीचे भारतीय मानक १३६४ आता आयएसओशी जुळते. तरी दुकानात १० मिमीचा बोल्ट मागितल्यास १६ चे डोके मिळेल की १७ चे, हे पुडा उघडेपर्यंत सांगता येत नाही.

वगळलेल्या मापांचे कोडे यातून उलगडते. ज्या काळात १०, १३, १७, १९, २२ या मापांवर युरोपीय धाटणीचे बहुतेक काम भागत असे, त्या काळात १६, १८ व २१ गाळणे शहाणपणाचे होते. तीच यादी आज कायम ठेवणाऱ्या संचात नव्या मानकाची नेमकी तीन महत्त्वाची मापे नसतात. याउलट ज्याच्याकडे केवळ जपानी परंपरेच्या मोटारसायकली येतात, त्याचे बहुतांश काम ८, १०, १२, १४, १७ व १९ एवढ्यावर होते. त्याला १६ आणि १८ कित्येक महिने हाताळावे लागणार नाहीत.

अहिल्यानगर जिल्ह्यातील यंत्रे

दुचाकींतही वंशभेद आहे. नगर येथे कारखाना असलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेली 'लुना' मूळच्या इटालियन 'पियाजिओ चाओ' या मोपेडवर आधारलेली होती. वेस्पाच्या वंशातील स्कूटरही इटालियनच. या स्कूटरांत ७ मिमी जाडीचे आटे आणि त्यांवर ११ मिमीचे नट भेटतात. जपानी धाटणीच्या गाड्यांसाठी बनवलेल्या संचात ११ बहुधा गाळलेला असतो.

खरी अडचण ट्रॅक्टरांची आहे. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०–५१ च्या हंगामात सुरू झाले आणि त्यानंतर जिल्ह्यात सहकारी कारखान्यांची रांगच उभी राहिली. गळीत हंगामात भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यात थांबला की खेप बुडते, तोडलेला उसही वाळू लागतो. अशा वेळी हातातल्या डब्यात योग्य मापाचा पाना आहे की नाही, यावर दिवसाचे उत्पन्न अवलंबून असते. मॅसी फर्ग्युसन घराण्यातील ट्रॅक्टर आणि इंटरनॅशनल बी-२७५ सारखे जुने नमुने इंची आट्यांचे आहेत. त्यांच्यापुढे मिलिमीटरचा सलग संचही पुरा पडत नाही. ५/८ इंचाच्या डोक्याला (१५.८८ मिमी) १६ चा पाना व्यवस्थित बसतो, ३/४ इंचाला (१९.०५) १९ चा, १५/१६ इंचाला (२३.८१) २४ चा. अर्ध्या इंचावर (१२.७०) १३ चा पाना सैल बसतो, पण हलक्या कामात चालतो. ९/१६ इंचाला (१४.२९) मात्र पर्याय नाही: १४ चा आत जात नाही आणि १५ चा घसरतो. आणि ३/८ इंच जाडीचा, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'तीन सुती' बोल्ट, या यंत्रांत जागोजागी असून त्याचे डोके ९/१६ इंचाचेच असते.

याहून जुन्या ऑइल इंजिनांवर व्हिटवर्थ पद्धतीचे नट आढळतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या या पद्धतीचे पाने बोल्टच्या जाडीवरून ओळखले जातात, डोक्यावरून नव्हे. मूळ व्हिटवर्थ तीन सुती बोल्टचे डोके ०.७१० इंच, म्हणजे सुमारे १८ मिमी असते. तेव्हा 'तीन सुती पाना' या एका नावाने दोन अगदी वेगळी हत्यारे मागितली जाऊ शकतात. देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला, तरी सूत हे परिमाण हार्डवेअरच्या दुकानात आजही जिवंत आहे.

साखर कारखान्यांच्या गिरण्यांवरील मोठे नट या चर्चेत फारसे येत नाहीत. त्यांना हातोड्याने ठोकायचे एकेरी पाने लागतात व ते सुटेच घेतले जातात.

सॉकेट संच

सॉकेटला गॅरेजमध्ये 'गोटी' म्हणतात. गोटीचे माप मिलिमीटरमध्ये असले, तरी तिला फिरवणाऱ्या रॅचेटचा चौरस जगभर इंचांतच ओळखला जातो: पाव, ३/८, अर्धा आणि पाऊण इंच. दुचाकीसाठी ३/८ व ट्रॅक्टरसाठी अर्धा इंच सोयीचा पडतो. सहाकोनी गोटी गंजलेल्या वा झिजलेल्या डोक्यावर बाराकोनीपेक्षा चांगली पकड घेते. शेतीच्या यंत्रांवर चिखल, पाणी व मळी यांमुळे गंज नेहमीचाच असल्याने तेथे सहाकोनी गोटी घेणे अधिक योग्य. डब्यावर लिहिलेल्या नगसंख्येला महत्त्व देऊ नये. तीत रॅचेट, जोडदांडे आणि स्क्रूड्रायव्हरची टोकेही मोजलेली असतात. डबा उघडून गोट्यांवरील आकडे ओळीने वाचणे, हा वगळलेली मापे शोधण्याचा एकमेव भरवशाचा मार्ग आहे.

निवड

सर्व तऱ्हेची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या गॅरेजला ६ ते २४ पर्यंत सलग संच घेणे परवडते. एकच ट्रॅक्टर किंवा एकच मोटारसायकल असलेल्या मालकाने आधी यंत्रावरील नट मोजावेत. कॅलिपर नसल्यास उसन्या संचाने एकेक नट जोखून मापे कागदावर उतरवता येतात. त्या यादीतील प्रत्येक माप ज्यात आहे, असा वगळलेल्या मापांचा संच त्याला पुरेसा असतो. बचत झालेल्या पैशांतून नेहमी लागणाऱ्या मापाचा दुसरा पाना घ्यावा, कारण आरपार बोल्टला एक पाना डोके धरायला व दुसरा नट फिरवायला लागतो आणि दुतोंडी संचात प्रत्येक माप एकदाच येते. त्यामुळे उघड्या तोंडाचा एक आणि रिंगचा एक असे दोन मध्यम संच बहुधा एका मोठ्या संचापेक्षा अधिक कामाचे ठरतात. मिश्र वंशाच्या ट्रॅक्टरधारकाने मेट्रिक संचाला ७/१६, १/२ व ९/१६ इंचाच्या सुट्या पान्यांची जोड द्यावी.

२१, १६ किंवा १८ चा एखादा पाना सुटा मिळतो. गहाळ मापासाठी नवा संच घ्यावा लागत नाही. सुट्या गोटीच्या बाबतीत मात्र तिचा चौरस आपल्या रॅचेटशी जुळतो का, हे दुकानातच बसवून पाहावे.