मुद्गल आणि मशीन

परवा नातू म्हणाला, "आबा, जिमला चला. मशीनवर पडायची भीती नाही." पावसाळ्यात मी न्हाणीघरात घसरलो, तेव्हापासून घरात ही काळजी आहे. माझी नजर मात्र कोपऱ्यातल्या मुद्गलाकडे गेली..

१८९७ साली प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणारे दामोदर चापेकर आमच्या चिंचवडचे. व्यायामाचं त्यांना वेड. त्या काळी जोर, बैठका, मुद्गल हीच साधनं. पुढे १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को; पंचक्रोशी यंत्रांची झाली आणि हळूहळू व्यायामही.

पण व्यायामाची यंत्रं तशी जुनीच बरं का! स्वीडनच्या गुस्ताव झांडरने ती एकोणिसाव्या शतकातच बनवली. १९७० मध्ये अमेरिकेत आर्थर जोन्सचं नॉटिलस आलं. त्यातली शंखाच्या आकाराची चकती हालचालीनुसार भार कमीजास्त करते.

मग फरक कुठे? मशीनमध्ये वजनाची वाट ठरलेली. मुद्गलाचं वजन मुठीपासून दूर, शेंड्याला. ते मनगट, खांदा, कंबर मिळून सावरतात. अभ्यास सांगतात, ताकद दोन्हींनी जवळपास सारखीच वाढते. ज्याचा सराव, त्यात प्रगती जास्त.

न्हाणीघरात तोल सावरायला मशीनचा दांडा नसतो. पण पाय लटपटत असताना मुद्गल फिरवणं हाही हट्टच. म्हणून ठरवलंय: आधी मशीनवर पाय बळकट करायचे, मग मुद्गल. तोही नातवाच्या लहानपणचा, हलका.